आमची वाटचाल : जोत्यापासून जिनापर्यंत

आर्वीच्या बाजारात बाबांचं दुकान म्हणजे टिनाच्या छपराखाली एक पाट, रापी, आरी आणि मेणाचा गोळा. बैलांच्या गळ्यातली जोती, तोंडावरच्या म्होरक्या, चाबूक. पोळ्याआधीचा महिना वर्षाचं पोट भरायचा. पुढे ट्रॅक्टर आले, ज्यांच्याकडे बैल उरले त्यांनी नायलॉनचे दोर घेतले. लग्नातल्या घोड्यांचा साज दुरुस्त करून आम्ही तगलो.

वळण आलं ते एका जुन्या इंग्लिश जिनामुळे, म्हणजे घोड्यावर बसायच्या चामडी खोगिरामुळे, आणि ते काम मी बिघडवलं. एका गिऱ्हाइकानं ते कामठीहून आणलेलं. "तंगाचे पट्टे बदला, आणि हे कवाचं, कोनाचं ते पाहून सांगा." तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. मी आधी चकाकवायला बसलो. जुने पट्टे कापून फेकले, पल्ला, म्हणजे बाजूला लोंबणारं कातडं, घासला, रंग मारला. मग नावाचा ठसा शोधायला गेलो, तर तिथे माझाच रंग. "आधी कायले घासलं गा?" बाबा एवढंच बोलले. गिऱ्हाइकानं पैसे पूर्ण दिले. परत मात्र आलं नाही.

तेव्हापासून जीन आलं की पाण्याचा थेंबही लावायचा नाही. आधी बॅटरी आडवी धरून बघायचं. रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीला अडकतो तिच्यावरचा छोटा पल्ला उचलला की बहुतेक वेळा तिथेच नाव दाबलेलं असतं. आकडे मोठ्या पल्ल्याखाली किंवा पट्ट्यांच्या मुळाशी. पण नाव वाचलं म्हणजे काम झालं असं नाही. इंग्लंडात वॉल्सॉल गावात ढिगानं जिनं बनायची आणि विकणारा आपलं नाव ठोकायचा. म्हणजे पाटी बऱ्याचदा दुकानदाराची, कारागिराची नाही.

तरी दुकानदाराचं नावही वय सांगतं. एकदा वर्ध्याहून आलेल्या जिनावर अर्धवट अक्षरं लागली : आर्मी अँड नेव्ही, पुढे सी.एस.एल., म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. ही लंडनची. मुंबईत तिचं दुकान १८९१ साली उघडलं. १९३४ मध्ये नाव बदलून ती आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झाली. मग सी.एस.एल. म्हणजे १९३४ च्या आधीचं. त्या दिवशी मी दुपारचं जेवण विसरलो.

नाव नसलं तर अंगावरून ओळखायचं. पल्ला सरळ खाली उतरलेला असेल तर घडण जुन्या वळणाची. पुढे झुकलेला असेल तर उडी मारणाऱ्यांसाठी, म्हणजे नंतरची. बसकण दाबली आणि स्प्रिंगसारखी लवली, तर आत पोलादी पट्ट्या आहेत; ती चाल दुसऱ्या महायुद्धानंतर पसरली. आतला कडक सांगाडा लवून करकरला तर तो मोडलाय. असलं जीन आम्ही भिंतीला टांगायला देतो, घोड्याच्या पाठीवर नाही. बाणाचा ठसा असेल तर सरकारी, फौजेचा माल. आणि फौजेचा म्हणजे विलायतीच असंही नाही, कानपूरला १८६० च्या दशकापासून सरकारी कारखाना जिनं करत आलाय.

गादी उसवली की लोकर निघते, कधी गाठी झालेली, कधी उंदरांनी अर्धी नेलेली. ती पिंजून, वाळवून परत भरतो. खोगीरभरती हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात. आमचं घर त्यावर चालतं.

गेल्या महिन्यात घोडी नाचवणारा एक जण सारंगखेड्याच्या यात्रेतून 'विलायती' जीन घेऊन आला. पितळी पाटी चकचकीत, तिचे रिवेट नवेकोरे, पल्ल्याची शिलाई मशीनची, आणि कातड्याला अजून रंगाचा वास. मी म्हटलं, भाऊ, पाटी नंतर ठोकलेली आहे, जीन कानपूरकडचं असावं, फार तर दहा वर्षांचं. तो बराच वेळ पाटीवरून अंगठा फिरवत राहिला.

"पाटी राहू द्या," तो म्हणाला. "गादी तेवढी भरून द्या, घोडीची पाठ सोलून राहिली."

त्याची लोकर सध्या टिनावर वाळते आहे.