मानमंदिराच्या तळघरातला गेम: धावण्याला वजन आलं

ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या तळघरातून सुटण्याचा, ब्राउझरमध्ये खेळायचा गेम मी बनवतोय. या खेपेला त्यातले खटके, काटे, पहारेकरी सगळं बाजूला ठेवलं आणि नुसत्या पायांवर काम केलं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या कैदेतून सुटणाऱ्या राजपुत्राच्या जुन्या गेमच्या वळणाचा गेम, आणि त्यात गडी तेल सांडलेल्या फरशीवरून घसरल्यासारखा पळणार असेल, तर बाकीचं सजवून उपयोग काय?

जॉर्डन मेकनरने १९८९च्या मूळ गेमसाठी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराची गच्ची आणि भाचा. मोबाइल स्टँडवर पक्का बसवून सेकंदाला ६० फ्रेमने शूटिंग, त्यातली दर पाचवी फ्रेम उचलायची, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. प्रत्येक चित्रासोबत गडी किती पिक्सेल पुढे जातो तो आकडा लिहिलेला असतो. टेकलेली टाच पुढच्या चित्रातही त्याच जागी राहिली पाहिजे, त्या हिशेबानेच आकडा ठरतो. भाचा “मामा, आता बस!” म्हणेपर्यंत पळाला.

हलवायचं काम रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम हे ब्राउझरचं फंक्शन करतं, पण ते स्क्रीन जितक्या वेळा नव्याने रंगते त्या वेगाने धावतं. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा रंगणाऱ्या स्क्रीनच्या फोनवर गडी दुप्पट वेगाने पळू नये म्हणून झालेला वेळ साठवायचा आणि एक द्वादशांश सेकंद भरला की खेळ एक पाऊल पुढे ढकलायचा. दोन पावलांच्या मधे जागा हळूहळू सरकवली तर गुळगुळीत दिसतं खरं, पण पाय घसरायला लागतात. मला ते नको. किंचित धक्के चालतील.

मूळ गेममधल्या सावली-राजपुत्राची, म्हणजे राजपुत्राच्या सावलीसारख्या जुळ्या पात्राची गंमत ऐका. अ‍ॅपल टू या जुन्या संगणकावर नव्या पात्रासाठी मेमरीच उरली नव्हती, म्हणून मेकनरने राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून स्वतःशी एक्सॉर केलं (दोन बिट सारखे असतील तर शून्य, वेगळे असतील तर एक) आणि झगमगती सावली तयार झाली. ब्राउझरच्या चित्रं काढायच्या फलकात, म्हणजे कॅनव्हासमध्येही ‘एक्सॉर’ आहे, पण ते फक्त पारदर्शकता बघतं, त्यामुळे हाती निव्वळ बाह्यरेषा येते. आतल्या रेषाही हव्या असतील तर पिक्सेल वाचून प्रत्येक रंगावर खरं बिटवाइज एक्सॉर करावं लागतं. निकाल शून्य आला तर तो पिक्सेल पारदर्शक, नाही तर पूर्ण अपारदर्शक. हे सगळं गेम उघडतानाच एकदा उरकून नवी चित्रपट्टी बनवून ठेवतो.

मूळ गेमचा सोर्स कोड २०१२मध्ये मेकनरने खुला केला, पण तेवढ्याने त्यातली चित्रं आपली होत नाहीत. इथली सगळी नवीन आहेत. राजा मानसिंह तोमरांच्या या मानमंदिर महालाला जमिनीखाली दोन मजले आहेत आणि पुढे मुघलांनी तिथे कैदी ठेवले. कैदेतून वर चढत जाणाऱ्या गेमला याहून चांगली जागा कुठली? शेवटच्या टप्प्यात बाहेरच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा, हंस, हत्ती आणि केळीची झाडं येतील. खालच्या मजल्यांवर निळा रंग अजिबात वापरायचा नाही असं ठरवलंय.

आवाजाचं काम किरकोळ होतं. पहिल्या स्पर्शाशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही, म्हणून ‘कोठडी उघडा’ असं बटण दिलंय.

अडलंय ते कीबोर्डवरच्या शिफ्ट कळीपाशी. पीसीवरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये कडेपर्यंत जपून पाऊल टाकायला आणि कडेला लोंबकळायलाही तीच कळ आहे. फोनवर सध्या हलका टॅप म्हणजे पाऊल आणि दाबून धरलं की धाव, असं केलंय. लोंबकळण्यासाठी तिसरं बटण द्यावं की कड जवळ आली की हात आपोआप पकडावेत? आपोआपमुळे खड्ड्याची भीतीच जाते, असं मला वाटतं. तुम्ही दोन्ही खेळून बघा.