चाळीस खुर्च्या आणि एक पॅन्ट्री

डेक्कन क्वीनचा एलएचबी रेक, म्हणजे मूळ जर्मन रचनेच्या नव्या डब्यांचा संच, २२ जून २०२२ पासून धावू लागला. तेव्हा चर्चा झाली ती बहुतेक नव्या रंगाची. डायनिंग कारबद्दल एकच आकडा सगळीकडे फिरत होता: आधी ३२ जण बसायचे, आता ४०. आकडा चांगलाच आहे. १ जून १९३० ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ही गाडी सुरू केली आणि टेबलावर बसून, प्लेटमध्ये गरम खायची सोय तिने अजून टिकवली आहे. रोजच्या तिकिटाच्या गाड्यांतून ती जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून इथल्या प्रत्येक बदलाकडे बारकाईने बघायला हवं.

खुर्च्या आठने वाढल्या म्हणून खाणारे फार वाढतात असं नाही. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर, प्रवास साधारण सव्वातीन तासांचा. सुरुवातीची पंधरा आणि शेवटची वीस मिनिटं सोडली तर हाताशी १६० मिनिटं उरतात. एक पंगत ४० मिनिटांची धरली तर चार पंगती बसतात. ३२ खुर्च्यांवर १२८ जण, ४० खुर्च्यांवर १६०. म्हणजे आठ खुर्च्यांनी ३२ माणसं वाढली. आता खुर्च्या ४०च ठेवा आणि पंगत २५ मिनिटांवर आणा. सहा पंगती होतात, २४० माणसं. एकही खुर्ची न वाढवता ८० जण जास्त. माणूस टेबलावर किती वेळ बसतो हे खाण्याच्या वेगापेक्षा ऑर्डर दिल्यावर प्लेट कधी येते त्यावर ठरतं, आणि ते ठरतं पॅन्ट्रीत, म्हणजे डब्यातल्या स्वयंपाकघरात. हजाराच्या वर प्रवासी असलेल्या गाडीत हा फरक लहान नाही.

चीज टोस्टचंच घ्या. चाळीसजणांनी एकदम मागवला तर ८० स्लाइस. एका ग्रिलमध्ये सहा स्लाइस मावतात आणि घाण्याला चार मिनिटं लागतात असं धरलं तर चौदा घाणे, ५६ मिनिटं. दुसरं ग्रिल लावलं की २८. आठ खुर्च्यांच्या जागी एक जादा ग्रिल आणि त्यापुढे हात चालवायला मोकळा ओटा दिला असता तर फायदा जास्त झाला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑम्लेटला इंडक्शन बरं, कारण अंडं पडल्यावर थंडावलेला तवा लगेच पुन्हा तापतो. साध्या हॉटप्लेटवर तिसऱ्या-चौथ्या ऑम्लेटनंतर तवा मागे पडतो आणि ऑम्लेट रबरासारखं होतं. कटलेटचं उलट: तळायला वेळ कमी लागतो, पण हॉट केसमध्ये तासभर बंद राहिलं की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं. ट्रेवर जाळी ठेवून कटलेट तिच्यावर सुटे मांडावेत आणि केसचं झाकण किंचित उघडं ठेवावं. मऊ पडलेलं कटलेट मायक्रोवेव्हमध्ये घातलं तर ते आणखी बिघडतं, कुरकुरीत कधीच होत नाही.

चहाचा हिशेब वेगळा. २०० कप, प्रत्येकी १२० मिलिलिटर, म्हणजे २४ लिटर. दूध सोडलं तर त्यातलं वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ पर्यंत न्यायला सुमारे १.६ युनिट वीज लागते. ३ किलोवॅटच्या बॉयलरला अर्ध्या तासाच्या वर, उष्णता बाहेर जाते ती धरून ३५ मिनिटं. म्हणून बॉयलर गाडी सुटायच्या आत, उभ्या डब्यातच तापलेला असावा लागतो. गाडी सुटल्यावर बटण दाबलं तर पहिला चहा ठाणं मागे पडल्यावरच.

वीज हा एलएचबीचा मोठा फायदा. जुन्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्यांना चाकांवर चालणारा अल्टरनेटर, बॅटऱ्या आणि ११० व्होल्टचा पुरवठा. त्यावर स्वयंपाक शक्य नव्हता, म्हणून पॅन्ट्रीत गॅस सिलिंडर असायचे. एलएचबी रेकमध्ये ७५० व्होल्टची थ्री-फेज लाइन सगळ्या डब्यांतून जाते, जनरेटर कारमधून किंवा थेट इंजिनातून. त्यामुळे ज्वाळेशिवाय स्वयंपाक करता येतो आणि आगीचा मोठा धोका टळतो. मात्र वीज इंजिनातून घेतली असेल तर न्यूट्रल सेक्शन लागतो तिथे, म्हणजे तारेला वीज देणाऱ्या दोन फीडिंग पोस्टच्या हद्दींमधल्या वीज नसलेल्या तुकड्यात, पुरवठा काही सेकंद तुटतो. बॉयलरला फरक पडत नाही. डिजिटल टायमरचा मायक्रोवेव्ह मात्र लावलेला वेळ विसरतो आणि आतली प्लेट अर्धी थंड बाहेर येते. गोल बटण फिरवायचा यांत्रिक टायमर उरलेली मिनिटं तशीच धरून ठेवतो. रेल्वेच्या पॅन्ट्रीत तोच हवा.

आता घाट. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, तीव्र भागात चढ ३७ ला १. पाऊण मीटरच्या टेबलाची दोन टोकं तेव्हा वीस मिलिमीटर खालीवर असतात. कपातला चहा त्याने सांडत नाही, प्लेटही घसरत नाही. ३० सेंटीमीटरच्या तव्यावर मात्र आठ मिलिमीटरचा फरक पडतो आणि ऑम्लेट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखं होतं. घाटात लहान तवा वापरावा किंवा अंडं पडताच ते कालथ्याने चढाच्या बाजूला ओढून घ्यावं. फ्रायरमधलं तेल काठापासून निदान चार बोटं खाली ठेवायचं, ते चढासाठी नाही, धक्क्यासाठी.

चढापेक्षा धक्का वाईट. कर्जतला मागून बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिनं लागतात आणि जोडताना ठोसा बसतो. त्यात एलएचबीचं, डब्याडब्याला जोडणारं, मधोमध असलेलं सीबीसी (सेंटर बफर कपलर) कपलिंग. जुन्या आयसीएफ डब्यांना बफर आणि स्क्रू कपलिंग होतं, त्यात हिसका विरून जायचा. एलएचबी आल्यावर सुटताना-थांबताना बसणाऱ्या हिसक्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, म्हणून पुढे कपलिंगमागे धक्का शोषणारे बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर आले. त्यांनी हिसका कमी होतो, जात नाही. डायनिंग कारमध्ये त्यावरचे उपाय साधे आहेत. टेबलाला सात-आठ मिलिमीटरचा उठलेला काठ, ट्रेमध्ये सिलिकॉनची चटई, कप दोन तृतीयांशच भरायचा. कोरड्या, गुळगुळीत टेबलपोशापेक्षा किंचित ओलसर कापड बशा जास्त घट्ट धरतं. आणि गाडी कर्जतमध्ये शिरताना कुणीही किटली उचलायची नाही. सकाळी पुण्याहून घाट उतरताना गाडी कॅच सायडिंगच्या, म्हणजे ब्रेक न लागलेली गाडी वळवून रोखायच्या आडमार्गाच्या, जागी थांबत थांबत येते, तेव्हाही हेच.

पाण्याचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. जुन्या डब्यांत टाक्या छताजवळ असत आणि पाणी आपोआप खाली यायचं. एलएचबीत मोठ्या टाक्या डब्याखाली आहेत आणि पंप पाणी वर चढवतो. पंप गेला की टाकी भरलेली असूनही नळ कोरडा, आणि पॅन्ट्रीतला सिंक बंद पडला की कपांचा फेरा थांबतो. म्हणून एका पंगतीला पुरतील त्याच्या दुप्पट कप गाडीत हवेत. सिंकच्या तोंडावरची जाळी रोज काढून घासायची, कारण चहाचा चोथा आणि चीज मिळून तासाभरात निचरा तुंबवतात.

पंगत लांबते त्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात प्रवाशांचा दोष नाही. खाऊन झाल्यावर माणसाला खिडकीशी बसावंसं वाटतं; पासधारकांच्या गप्पा कटलेट संपल्यावरच खऱ्या रंगतात. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅकच्या दुमजली सुपरलायनर गाड्यांनी हे दोन डब्यांत वाटून टाकलं. डायनिंग कारमध्ये स्वयंपाकघर खाली, वर ७२ खुर्च्या आणि मधे प्लेटा चढवणारी छोटी लिफ्ट. ती लिफ्ट बिघडली की सगळं हाताने जिन्यावरून न्यावं लागतं, हा त्या रचनेचा कच्चा दुवा. पण रेंगाळायला तिथे वेगळी साइटसीअर लाउंज आहे, छताकडे वळत गेलेल्या काचांची आणि कुणीही येऊन बसावं अशी. त्यामुळे जेवणाचं टेबल मोकळं होतं.

आपला व्हिस्टाडोम ते काम करत नाही. डेक्कन क्वीनला तो १५ ऑगस्ट २०२१ पासून आहे. काचेचं छत, फिरणाऱ्या ४४ खुर्च्या, एका टोकाला बाहेर बघायची मोकळी जागा. पण तो तिकिटाचा डबा आहे, सेकंड क्लासमधल्या माणसाने चहा घेऊन तिथे जाऊन बसायची सोय नाही. म्हणजे डायनिंग कारलाच जेवणघर आणि बैठक दोन्ही व्हावं लागतं.

त्यावर एक तोड आहे आणि ती पुढच्या दुरुस्तीत करता येण्यासारखी आहे. डब्याच्या एका बाजूची दोन टेबलं काढून तिथे खिडकीला लागून छातीइतक्या उंचीची फळी लावायची, साधारण ३० सेंटीमीटर रुंद, पुढे आडवा दांडा, हात धरायला. चहा आणि टोस्ट उभ्याने घेणारे तिथे, ऑम्लेट-कटलेटवाले टेबलावर. चारचं टेबल धरलं तर आठ खुर्च्या जातात आणि पुन्हा ३२ उरतात. फळीवर मात्र दहाजण सहज उभे राहतात आणि दहा मिनिटांत बाजूला होतात. घाटात उभं राहून चहा पिताना बाहेरचा धबधबाही बसल्यापेक्षा जास्त दिसतो.