कॅरोसेलमध्ये तेलाचा दाब कुठे जात होता

रोड अमेरिका ट्रॅकवर, विंटेज शर्यतीच्या शनिवारी सकाळच्या सरावातून गाडी पॅडॉकमध्ये आली तेव्हा मालकाची तक्रार गिअरबॉक्सची होती. तिसऱ्यातून चौथा जड पडतोय म्हणाला. ते क्लचच्या अ‍ॅडजस्टमेंटचं निघालं, पाच मिनिटांत सुटलं. पण कितव्या आरपीएमला तो गिअर बदलतोय हे बघायला मीटरांसमोर लावलेल्या छोट्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं, आणि माझी नजर तेलाच्या काट्यावर अडकली.

सरळ पट्ट्यावर ६,८०० आरपीएमला दाब ६५ पीएसआय. एकदम ठीक, या इंजिनांचा ठोकताळा हजार आरपीएमला १० पीएसआय. कॅरोसेलमध्ये, म्हणजे इथल्या लांबलचक उजव्या वळणात, शिरताना ६०. वळणाच्या मध्यावर ४०. बाहेर पडताना १८. मग किंककडे, म्हणजे त्यापुढच्या वेगवान वळणाकडे, जाताना काटा थरथरत परत वर. प्रत्येक फेरीत तेच. धोक्याचा लाल दिवा १५ पीएसआयला लावलेला, त्यामुळे तो एकदाही पेटला नव्हता. ड्रायव्हरचीही चूक नाही. कॅरोसेलमध्ये नजर वळणाच्या तोंडावर ठेवायची असते, मीटरवर नाही.

गाडी १९६९ ची शेव्रोले कॅमारो झेड/२८, ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकन शर्यत मालिकेच्या बांधणीची. ट्रान्स-अ‍ॅमची पहिली शर्यत १९६६ च्या मार्चमध्ये सेब्रिंगला झाली. मोठ्या गटाला इंजिनाची मर्यादा पाच लिटर, म्हणजे ३०५ घनइंच. शेव्रोलेने ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँक बसवला: बोअर ४ इंच, स्ट्रोक ३ इंच, बरोबर ३०२. आखूड स्ट्रोकमुळे हे इंजिन वर पळतं, आणि कागदावरचे २९० हॉर्सपॉवर कुणीच खरे मानत नसे. मार्क डोनोह्यूने १९६८ मध्ये १३ पैकी १० शर्यती याच जातीच्या गाडीवर मारल्या आणि १९६९ मध्ये पुन्हा विजेतेपद आणलं. रॉजर पेन्स्केच्या टीमने पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवून पातळ केला, छताच्या सुरकुत्या झाकायला वर व्हायनल चढवलं, पेट्रोल झटकन भरायला उंच टॉवर उभा केला. नियमाच्या कडेकडेने चालण्याची ती कला बघायला आजही मजा येते. १९७० मध्ये पार्नेली जोन्सची मस्टँग पुढे गेली, पण माझं मन अजून त्या निळ्या-पिवळ्या कॅमारोवरच आहे. हे सगळे रस्त्यावर विकले जाणारे आकार, आणि त्यांना डावी-उजवी दोन्ही वळणं घ्यायला लावणं हाच त्या मालिकेचा दम होता. माझ्यासमोरच्या गाडीचं दुखणंही नेमकं तिथलंच निघालं.

दाब पडला की लोक आधी तेल ओततात. आम्हीही अर्धा क्वार्ट जास्त घातलं, कारण तपासायला तो सगळ्यात स्वस्त उपाय. दुसऱ्या सत्रात कॅरोसेलच्या शेवटी १८ चे २४ झाले, पण ब्रीदरची टाकी, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या तोंडातून बाहेर पडलेलं तेल गोळा होतं ती, अर्धी भरून आली. जास्तीचं तेल क्रँकच्या वजनांना लागतं, फेटलं जातं, फेस होतो, आणि पंप फेस ओढायला लागला की दाबाला अर्थ उरत नाही. तेल परत काढलं.

मग चित्रण वळणागणिक पाहिलं. डावी वळणं, म्हणजे पाच, सहा आणि आठ: काटा हलत नाही. उजवी: तीनला किंचित खाली, कॅनडा कॉर्नरला थोडा जास्त, कॅरोसेलला कोसळतो. बेअरिंग ढिले असते किंवा पंप झिजला असता तर दाब दोन्हीकडे पडला असता. एका बाजूलाच पडतो म्हणजे प्रश्न चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेल कुठे जातं याचा. एक जीच्या वळणात तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो. छोट्या वळणात पिकअपभोवतीचं (पंप ज्या तोंडातून तेल ओढतो त्याभोवतीचं) तेल संपायच्या आत गाडी सरळ होते. कॅरोसेल आठेक सेकंद सोडत नाही, आणि लगेच पुढे किंक आहे, तेही उजवं, तेही जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर. बेअरिंग निकामी होतं ते तिथे, आणि तिथल्या भिंती जवळ आहेत.

आमच्या शॉपमधला इंजिनवाला वयाने सगळ्यात मोठा. चित्रण बघून त्याने एकच विचारलं, "चेंबर कुणी बसवलाय?" इंजिन आमच्याकडे बांधलेलं नव्हतं, गाडी विकत घेतली तेव्हा त्यातच आलेलं होतं. आधीच्या ट्रॅकवर इतकं लांब उजवं वळणच नव्हतं, म्हणून काही दिसलं नाही.

या कॅमारोचा चेंबर इंजिन गाडीत असताना काढता येतो, पण खाली जागा शोधावी लागते. स्टिअरिंगचा आडवा रॉड चेंबरखालून जातो, म्हणून आयडलर आर्म चॅसीपासून सोडून तो खाली घ्यायचा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायची, नाहीतर इंजिन उचलताना ती मागच्या पत्र्याला आपटून फुटते. मग माउंटचे बोल्ट काढून इंजिन वर घ्यायचं. आणि हे विसरतात: टायमिंगची खूण सहा वाजण्याच्या जागी येईपर्यंत क्रँक फिरवायचा, म्हणजे पुढचं वजन वर जातं. नाहीतर चेंबर पुढच्या टोकाला अडकतो आणि माणूस पाऊण तास खाली पडून शिव्या देत बसतो.

चेंबर खाली आला आणि वाद संपला. उजव्या बाजूला वेल्डिंग करून काढलेला फुगवटा, पिकअप त्याच बाजूला सरकवलेला, आतली दारं फक्त तेल उजवीकडे धरून ठेवणारी. हा ओव्हल ट्रॅकचा चेंबर. ओव्हलवर गाडी फक्त डावीकडे वळते, तेल उजवीकडे फेकलं जातं, तिथे पिकअप पूर्ण बुडालेला राहतो. काम अगदी सुबक होतं, फक्त या गाडीचं नव्हतं. उजव्या वळणात तेल डाव्या भिंतीवर चढायचं आणि पिकअप हवा प्यायचा.

फिल्टर कापून पाहिला. कागदाच्या घड्यांत राखाडी चकाकी होती, बोटाला लागेल इतकी. पंप मागच्या टोकाला असतो, म्हणून सगळ्यात दूरच्या १ आणि २ नंबरच्या रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) कॅप उघडल्या. बेअरिंगचे खालचे अर्धे भाग, म्हणजे शेल, चांगले. वरचे शेल, ज्यांच्यावर स्फोटाचा भार येतो, त्यांचा राखाडी थर मधोमध पुसून खालचं तांबं डोकावायला लागलं होतं. क्रँकच्या जर्नलवर नखाला लागेल असा चरा नव्हता. आणखी दोन-तीन सत्रं झाली असती तर रॉड ब्लॉकमधून बाहेर आला असता. पुढच्या मेन बेअरिंगची कॅपही काढून बघितली, ते वाचलं होतं.

ट्रेलरमध्ये रॉड बेअरिंगचा सुटा सेट असतोच. आठही रॉडना नवे शेल घातले. प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून मोजायच्या प्लास्टिकच्या बारीक तारेने, फट मोजली: ०.००२५ इंच, तितकीच हवी होती. रॉडचे बोल्ट नुसत्या टॉर्कवर न सोडता किती ताणले ते मोजून आवळले, ०.००६ इंच.

चेंबर पॅडॉकमध्येच मिळाला. शेजारच्या तंबूत दुसरी एक शेव्ही होती, तिच्या सुट्या सामानात रोड रेसिंगचा चेंबर होता: पिकअपभोवती पेटी, चारही बाजूंना आत उघडणारी बिजागरीची दारं. तेल आत येतं, बाहेर जात नाही. ज्याला उद्या हरवायचं त्याच्याकडूनच चेंबर मागून आणायचा, ही विंटेज शर्यतींची जुनी रीत.

त्या चेंबरचा पिकअप वेगळा. पंपात त्याची नळी नुसती ठोकून बसवलेली असते, आणि कंपनाने ती निसटते, म्हणून ब्रेझिंगचा, म्हणजे पितळ वितळवून केलेल्या जोडाचा, टाका घालावा लागतो. टाका घालण्याआधी पंपाची रिलीफ स्प्रिंग काढून ठेवायची. तापली की ती मऊ पडते आणि दाब कायमचा खाली जातो. पिकअप आणि चेंबरच्या तळामधली फट ३/८ इंच हवी. पिकअपवर मातीचा गोळा चिकटवला, पॅकिंगसकट चेंबर लावून काढला, दबलेली माती मोजली. अर्ध्या इंचाला थोडी कमी भरली. टाका पडायच्या आधी नळी जराशी फिरवून ती बरोबर करून घेतली.

रात्री इंजिन सुरू करण्याआधी पंप ड्रिलने फिरवला. इथे नुसता रॉड घालून चालत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या भागाने उजव्या गॅलरीचं, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेचं, तोंड बंद होतं. ते उघडं राहिलं तर तेल तिथूनच गळतं आणि दाब चढत नाही. म्हणून दातेरी चाक काढलेला जुना डिस्ट्रिब्युटर वापरतात. घड्याळाच्या दिशेने ड्रिल, अधूनमधून हाताने क्रँक, सोळाही रॉकरवर तेल येईपर्यंत. मग २०डब्ल्यू-५०, जास्त झिंकवालं. या कॅमचे टॅपेट सपाट असतात, झिंक कमी पडलं तर कॅमचे उंचवटे घासून जातात. फिल्टर धरून आठ क्वार्ट.

लाल दिवा आता ४० ला लावला. मालकाला सांगितलं, पेटला तर क्लच दाब आणि इंजिन बंद कर, पिटपर्यंत आणायच्या भानगडीत पडू नकोस. त्याला ते पटलं नाही, पण दिवा तसाच राहिला.

रविवारच्या शर्यतीत कॅरोसेलमधून बाहेर पडताना काटा ५८ वर होता. फिल्टर पुन्हा कापला, कागद स्वच्छ. ब्रीदरच्या टाकीत मात्र अजून कपभर तेल आलं होतं. लांब उजव्या वळणात ते डाव्या हेडमध्ये साचून राहतं आणि मागच्या ब्रीदरमधून बाहेर पडतं. तो ब्रीदर पुढे घ्यायचा आणि टॅपेट कव्हरच्या आत पत्रा लावायचा, एवढं काम सोमवारच्या यादीत गेलं.