लावलेले गेले ते ठीक, माझे का गेले?

हेअर ट्रान्सप्लांट होऊन महिना-सव्वा महिना झाला की पेशंट मला हे विचारतोच. लावलेले केस आधी गळतात हे त्याने ऐकलेलं असतं. पण शिल्लक होते ते स्वतःचे केसही उशीवर दिसायला लागले की धीर सुटतो. वाघोलीचा असेल तर तो टँकरच्या पाण्याला दोष देतो, रोज गाडीवरून हिंजवडी गाठणारा हेल्मेटला. दोन्हींचा यात हात नाही.

याला शॉक लॉस म्हणतात. नवी मुळं बसवायला आम्ही जुन्या केसांच्या मधेमधे बारीक छेद देतो. भुलीच्या इंजेक्शनमध्ये ॲड्रेनलिन असतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. नंतर सूज येते. हा ताण सोसताना शेजारची मुळं वाढ थांबवतात आणि केस सोडून देतात. मूळ मात्र कातडीखाली जागेवर असतं. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात ही गळती दिसते, कधीकधी जिथून मुळं काढली त्या मागच्या भागातही. मुळाची विश्रांती तीनेक महिन्यांची, त्यामुळे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात परत यायला लागतात. महिन्याला वाढ सेंटिमीटरभर, म्हणून डोकं भरलेलं दिसायला वर्ष जातं.

सगळेच परत येतील असं मात्र मी कुणाला सांगत नाही. टक्कल पडत असताना जे केस आधीच बारीक, लवेसारखे झालेले असतात, त्यातले काही कायमचे जातात. ते एरवीही गेलेच असते, थोडे लवकर गेले. म्हणूनच पंचविशीतला, सगळीकडून विरळ झालेला मुलगा आला की मी आधी मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड अशा औषधांचा विचार करायला लावते. हे सगळं पैसे भरण्याआधी, समोर बसवून, तोंडी सांगायला हवं. नुसती सही घेऊन मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण पाचव्या आठवड्यात ती पोरं रात्र रात्र झोपत नाहीत.

आणि लग्नाचं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरलेला असतो, आणि गणपती झाले की करून टाकू म्हणतात. नका करू. सगळ्यात विरळ डोकं नेमकं फोटोत येईल.

गळती दिसली म्हणून चालू औषध मनाने बंद करू नका. आईने कितीही आग्रह केला तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत तेल लावून डोकं चोळू नका. परवा एका मुलाच्या डोक्यावर डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, धरून त्याच्या वडिलांना स्क्रीनवर दाखवलं: मोकळ्या वाटणाऱ्या जागी मिलिमीटरभर केस, टोकाला निमुळते. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं; निमुळतं टोक म्हणजे केस नव्याने उगवलेला. ‘‘हे सगळे आत्ता आलेत?’’ असं विचारत काका स्क्रीनवर बोट ठेवून मोजायला लागले.

ठणका, पू, वाढती लाली किंवा काळी पडलेली कातडी दिसली तर मात्र तो शॉक लॉस नाही. तेव्हा चौथ्या महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.