दाराच्या आत, घराच्या बाहेर

जपानी घराचे दार ओलांडले म्हणजे आपण घरात आलो, असे होत नाही. नागोयाहून ‘हिदा’ गाडीने डोंगरदऱ्यांतून वळणे घेत आम्ही दोघे ताकायामाला पोचलो आणि तिथल्या एका मिनशुकूत, म्हणजे राहत्या घरातल्याच काही खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कुटुंबाकडे, उतरलो. सरकते दार बाजूला सारून आत गेल्यावर आम्ही ज्या जागी उभे राहिलो, तिला गेंकान म्हणतात. रस्त्याच्याच पातळीवरचा, फरशी घातलेला, सामानासह दोन माणसे जेमतेम मावतील एवढा चौकोन. एका बाजूला जोडे ठेवायची मांडणी, भिंतीला टांगलेली बूट चढवायची लांब पट्टी, कोपऱ्यात छत्र्यांसाठी मातीचे उंच भांडे. समोर वीतभराहून उंच अशी गुळगुळीत लाकडी कड होती आणि खरे घर तिच्या पलीकडे सुरू होत होते. सामान पोचवणारा माणूस, शेजारीण किंवा काही विचारायला आलेले कोणीही या चौकोनापर्यंत येते, दार लावून घेऊन घरच्यांशी बोलते आणि त्या कडेवर पाय न ठेवता परत जाते. आपल्याकडे उंबरठा हीच सीमा. उंबऱ्याबाहेर उभ्या माणसाला आपण ‘आत या’ म्हणतो, तो आत येतो आणि विषय संपतो. इथे बाहेरच्या माणसासाठी घरातच थोडीशी बाहेरची जागा काढून ठेवली आहे, आणि हे लक्षात आल्यावर पुढच्या सगळ्या रिवाजांची संगती मला लागत गेली.

घरच्या बाई वयाने आमच्या आईएवढ्या. त्या वरच्या लाकडी जमिनीवर गुडघे टेकून स्वागताला बसल्या होत्या. आपल्याकडे वहाणा काढायला काही खास पद्धत नसते. एक इकडे, एक तिकडे, आणि गर्दी असली तर दुसऱ्याच्या जोड्यावर आपला जोडा. गेंकानात मात्र प्रत्येक पावलाला नियम आहे. बूट काढलेला पाय खालच्या फरशीला लागता कामा नये, तो थेट वरच टेकायचा. आणि बूट घातलेला पाय वरच्या लाकडाला लागता कामा नये. सोवळ्यातल्या आजीने ओट्याशी वावरताना जे अवधान सांभाळावे, तेच इथे शाळकरी पोरही विचार न करता सांभाळते. यजमानांकडे पाठ करणे अशिष्ट, म्हणून चढायचे ते त्यांच्याकडे तोंड करून. वर आल्यावर किंचित तिरके होऊन खाली वाकायचे आणि आपले बूट हाताने फिरवून त्यांची टोके दाराकडे करून ठेवायची. आम्ही वाकण्याआधीच बाईंनी ते काम उरकले होते. मग त्यांनी ओले फडके आणून आमच्या बॅगांची चाके एकेक करून, फिरवून फिरवून पुसली, कारण चाकेही रस्त्यावरूनच आली होती. चाकांचा विचार माझ्या मनात कधीच आला नसता. पण एकदा तो पटला की आपल्या घरांत थेट पलंगावर चढणाऱ्या प्रवासी बॅगा आठवून अंगावर काटा येतो.

वर चढल्यावर सपाता मिळतात, पण त्या फक्त लाकडी जमिनीसाठी. तातामी अंथरलेल्या खोलीच्या दाराशी त्याही काढायच्या. भाताच्या पेंढ्याचा घट्ट दाबलेला थर आणि त्यावर इगुसा नावाच्या गवताची विणलेली चटई अशी तातामी बनते. ती झाडता-पुसता येते, पण आपल्या सतरंजीसारखी धुता येत नाही आणि टाचेच्या दाबाने लगेच दुखावते. तिच्यावरच बसायचे आणि रात्री तिच्यावरच अंथरूण पसरायचे, तेव्हा तिथे फक्त मोजे चालतात. शौचालयासाठी पुन्हा वेगळ्या सपाता, त्या तिथल्या दाराआडच ठेवलेल्या आणि तिथेच सोडून यायच्या.

जमीन इतकी उंच कशासाठी, याचे उत्तर हवेत आहे. जून-जुलैत जपानमध्ये पावसाची झड लागते, उन्हाळा दमट असतो आणि लाकडी घराला ओल म्हणजे वैरीण. कोकणात आपण जोते उंच बांधतो ते याच भीतीने. जपानच्या बांधकाम नियमांतही लाकडी घराच्या सर्वांत खालच्या मजल्याची जमीन भुईपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच हवी असा दंडक आहे; खाली काँक्रीटसारख्या साहित्याने ओल अडवलेली असेल तरच त्यात सूट मिळते.

उंचीचा संबंध ओलीइतकाच मानाशीही आहे, हे दुसऱ्या दिवशी ‘ताकायामा जिन्या’ ही जुनी सरकारी कचेरी पाहताना कळले. १६९२ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, शोगुनांनी (लष्करी राज्यकर्त्यांनी) ताकायामाभोवतीचा हिदा प्रांत थेट आपल्या ताब्यात घेतला आणि त्यांचे अधिकारी पुढे या वास्तूतून कारभार पाहू लागले. एदो काळातल्या अशा कचेऱ्यांपैकी मूळ इमारत टिकून राहिली ती केवळ इथे, आणि १९६९ पर्यंत तिच्यात सरकारी कचेरी भरत असे. आत शिरताना बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी हातात घेऊन हिंडायचे असते. मोठ्या पाहुण्यांसाठीच्या गेंकानातील भिंतीवर निळसर लाटांची नक्षी आहे. त्या काळी असे सजवलेले गेंकान हा वरच्या वर्गाचा मान होता. साध्या शेतकऱ्याच्या घरात प्रवेश व्हायचा तो दोमात, म्हणजे मातीची जमीन ठोकून केलेल्या, चुलीजवळच्या कामाच्या जागेत. पुढे गेल्यावर न्यायनिवाड्याची जागा येते. अधिकारी वर बसत आणि आरोपीला खाली खडीवर बसवले जाई. मोजे घातलेल्या पायांनी मी वरच्या बाजूला उभी राहून ती खडी पाहत होते, आणि निकाल लागायच्या आधीच इथे कोण वर नि कोण खाली ते ठरलेले होते, हे त्या रचनेतून स्वच्छ दिसत होते.

सपाता मात्र या घरांत फार जुन्या नाहीत. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुले झाले आणि बूट काढायला नाखूश असलेल्या पाहुण्यांचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा बुटांवरूनच चढवता येतील अशी मोठी आवरणे जपानी कारागिराने शिवली आणि त्यांतून आजच्या सपाता आल्या, असे सांगितले जाते. ही हकिगत मला फार आवडली, कारण पाहुण्याला बूट काढायला न लावता तातामीही वाचवायची, हा तोडगा त्या समाजाच्या स्वभावाला शोभणारा आहे. तोक्योतल्या बड्या दुकानांतही पूर्वी गिऱ्हाईक बूट काढून, ते सांभाळणाऱ्याच्या हवाली करून आत जात असे. १९२३ च्या भूकंपानंतर दुकाने नव्याने उभी राहिली तेव्हा तो रिवाज मागे पडला. घराने मात्र तो सोडला नाही. तोक्योतल्या उंच इमारतींतील चिमुकल्या घरांत वीतभर उंची देणे परवडत नाही, तर दोन बोटांची का होईना, पण पायरी असतेच.

असेच एक घर आम्ही तोक्योच्या एदोगावा भागातील निशिकासाईत पाहिले. या वस्तीत भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत आणि सांगलीकडच्या आमच्या स्नेह्यांनी दिवाळीच्या फराळाला बोलावले होते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत चपलांचे कपाट दाराबाहेर, जिन्याजवळ उभे असते. इथे मजल्यावरची सामाईक वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणून सगळ्या मंडळींचे जोडे त्या एका चौकोनात. यजमानांच्या मुलीकडे ते दाराकडे तोंड करून लावण्याचे काम होते आणि ती ते मोठ्या तालेवारपणे करत होती. पंचाईत झाली होती ती रांगोळीची. दाराबाहेर काढावी तर सामाईक वाट, दाराआत काढावी तर जोड्यांच्या रांगेत. शेवटी वहिनींनी ती एका पाटावर काढून पाट वरच्या जमिनीवर, पायरीच्या कडेला मांडला होता. घरचे सगळे अनवाणी. शेजारच्या जपानी आजी आल्या तेव्हा मात्र त्यांच्यासाठी खास घेऊन ठेवलेल्या सपाता पुढे आल्या. पाहुण्याला रित्या पायांनी फिरू देणे त्यांच्याकडे बरे दिसत नाही, असे वहिनी म्हणाल्या. आजींनी त्या सपाता देवाच्या खोलीच्या दाराशी न सांगता काढल्या.

जाणाऱ्यांनी नाडीचे बूट घरीच ठेवावेत. देवळे, जुनी घरे, काही खाणावळी मिळून दिवसाकाठी बूट इतक्या वेळा काढावे लागतात की आमच्या ह्यांनी क्योतोत पोचेपर्यंत नाड्या बांधणे सोडून दिले होते. मोजे जाड आणि न फाटलेले हवेत. क्योतोच्या निजो किल्ल्यातला पावलागणिक चिवचिवणारा लाकडी सोपा थंडीच्या दिवसांत बर्फासारखा गार असतो, आणि तिथे सपाता कोणी देत नाही.