तुम्ही विचारलंत म्हणून: बिल कशात करता?

नोकरी सोडून भाषांतर, डिझाइन, व्हॉइसओव्हर अशा सुट्या कामांत उतरलेली मंडळी मला हमखास विचारतात, "तुम्ही बिल कशात करता? टॅली शिकावं लागेल का?" त्यामागची धास्ती कळते. कॉमर्सशी कधी संबंध आलेला नसतो, डेबिट कुठलं नि क्रेडिट कुठलं याचा पत्ता नसतो, आणि काम संपताच मेल येते, "प्लीज इन्व्हॉइस पाठवा."

टॅली नको. मी भाषांतराचं काम करते. बिल वर्डमध्ये करते, पीडीएफ करून पाठवते आणि एका एक्सेल शीटवर नोंद ठेवते. गुणाकार आणि वजाबाकी येत असली की गणित संपलं. मेख आहे ती दुसरीकडे. बिल वाचणारा माणूस कोण, हे आपण विसरतो. ज्या संपादकाने किंवा मॅनेजरने काम दिलं तो बिल वाचत नाही, पुढे ढकलतो. वाचतो तो अकाउंट्समधला माणूस. त्याने आपलं नावही ऐकलेलं नसतं, आणि त्याच्या इनबॉक्समध्ये 'बिल फायनल' नावाच्या डझनभर फायली पडलेल्या असतात. त्याला एकही फोन न करता पैसे सोडता आले पाहिजेत, एवढं डोळ्यांसमोर ठेवून बिल करायचं.

म्हणून फाइलच्या नावातच माझं नाव, बिल क्रमांक आणि महिना असतो. आत वर माझं नाव, पत्ता, पॅन. मग कंपनीचं नाव, आणि हे तिच्या कागदपत्रांवर जसं आहे तसंच. आपण बोलताना जे आखूड नाव घेतो ते चालत नाही. त्यांनी पीओ नंबर, म्हणजे खरेदी आदेशाचा (परचेस ऑर्डरचा) क्रमांक, दिला असेल तर तो. बिलाची तारीख आणि क्रमांक. क्रमांक १ एप्रिलला नव्याने सुरू होतो आणि सलग चालतो: २०२५-२६/०१४. एखादं बिल रद्द झालं तर तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, शीटवर 'रद्द' लिहून पुढे जायचं.

कामाच्या वर्णनात लोक फार कंजुषी करतात. 'भाषांतराचे' एवढंच लिहिलं की अकाउंट्सवाला संपादकाला मेल करणार, संपादक रजेवर असणार, आणि बिल तिथेच झोपणार. त्याऐवजी असं लिहा: 'वार्षिक अहवाल, प्रकरण २ ते ४, इंग्रजीतून मराठी भाषांतर, १२,४०० शब्द, दर प्रतिशब्द २.५० रुपये, एकूण ३१,००० रुपये.' खाली रक्कम अक्षरी, बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड. नव्या कंपनीकडचं पहिलंच बिल असेल तर पॅनची प्रत आणि रद्द केलेला चेक सोबतच जोडते. तो मागितला जाणारच असतो.

आता टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कारण पुढचा प्रश्न ठरलेला: "३१,००० चं बिल लावलं आणि २७,९०० च आले, ३,१०० गेले कुठे?" ते गेले तुमच्या पॅनवर, सरकारजमा. व्यावसायिक शुल्क म्हणून कंपन्या १० टक्के कापतात. काही ठिकाणी तेच काम कंत्राट समजून व्यक्तीसाठी १ टक्का कापतात. पॅन दिला नाही तर २० टक्के. एका कंपनीकडून मिळणारं व्यावसायिक शुल्क वर्षभरात ठरावीक मर्यादेबाहेर जाईपर्यंत ती टीडीएस कापत नाही. ही मर्यादा आधी ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. त्यातून एक गंमत होते. पहिलं ३१,००० चं बिल पूर्ण जमा होतं. तेवढ्याच रकमेचं दुसरं गेलं की वर्षाची बेरीज मर्यादेबाहेर जाते, आणि कंपनी दोन्ही बिलांवरचा कर एकदम कापते. हातात येतात २४,८००. यात फसवणूक काही नाही, हिशोब बरोबर आहे.

बिलात मात्र टीडीएस वजा करून दाखवायचा नाही. बिल पूर्ण रकमेचं, कापायचं काम त्यांचं. शीटवर माझे तीन रकाने आहेत: बिलाची रक्कम, कापलेला कर, खात्यात आलेले पैसे. तुमचं उत्पन्न पहिल्या रकान्यातलं, तिसऱ्यातलं नव्हे. कापलेला कर सरकारकडे जमा झाला की नाही ते आयकराच्या साइटवर २६एएस या पत्रकात दिसतं. वर्षअखेरीला देणं त्यापेक्षा कमी निघालं तर रिटर्न भरून परतावा मिळतो. रिटर्न न भरणारे हे पैसे तिथेच सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

जीएसटीचा बाऊ त्याहून मोठा. महाराष्ट्रात निव्वळ सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाच नाही, तसा अधिकारच नसतो. तरीही अकाउंट्सवाला जीएसटी नंबर विचारतोच. म्हणून बिलाखाली कायमची एक ओळ ठेवा: 'जीएसटी नोंदणी नाही, सबब कर आकारलेला नाही.' नोंदणी झाल्यावर आमच्यासारख्या बहुतेक कामांवर १८ टक्के लागतो. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर ९ केंद्राचा आणि ९ राज्याचा, परराज्यातलं असेल तर सरळ १८ आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी. नोंदणीच्या उंबरठ्यावर आलात की सीए गाठा. परदेशी गिऱ्हाईक धरलंत तरीही, कारण तिथे निर्यातीचे नियम लागतात.

पैसे वेळेवर यायचे तर खरी लढाई बिल पाठवल्यावर सुरू होते. आपल्याकडे पैशाचं बोलताना जीभ अडखळते. दिवाळी अंकाच्या कामात तर विचारूच नका. अंक दिवाळीत येतो आणि मानधन कधीकधी गुढीपाडव्याला. मी फोनवर "पैसे कधी येतील?" असं विचारत नाही. त्यावर "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम" हेच उत्तर मिळतं. मी विचारते, "तुमची पेमेंटची बॅच कोणत्या तारखेला निघते? आणि बिल त्याआधी किती दिवस पोचलं पाहिजे?" याला उत्तर द्यावंच लागतं, आणि पुढच्या प्रत्येक बिलाला ते उपयोगी पडतं.

दुसरं हत्यार म्हणजे उद्यम नोंदणी, छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ऑनलाइन होते, आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर सरकारी साइट शोधून तिकडेच जा. सेवा देणारा एकटा माणूसही यात सूक्ष्म उद्योग ठरतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं, आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. काहीच लेखी ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. व्याज मागायची वेळ सहसा येत नाही. खरा चिमटा आयकराचा आहे: २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतं. संपादकाला हे सांगून उपयोग नाही, अकाउंट्सवाल्याला एका वाक्यात कळतं. बिलाखाली उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून ठेवली की मार्चमध्ये त्यांचाच फोन येतो.

माझ्या आठवणीच्या मेलमध्ये दोनच ओळी असतात: 'नमस्कार, बिल क्र. ०१४, ३१,००० रुपये, देय तारीख १५ जून. अद्याप जमा झालेलं नाही, कृपया पाहावं.' सोबत बिल पुन्हा जोडते. 'तसदीबद्दल क्षमस्व' लिहीत नाही. आपण केलेल्या कामाचे पैसे मागण्यात कसली आली तसदी?

राहता राहिला महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५००, तो आठवणीने भरा. आणि रिटर्नच्या वेळी सीएकडे ती शीट घेऊन जा, पिशवीभर कागद नको. पिशवी दिसली की फीचा आकडा बदलतो.