बारा मिलिमीटर

हात उताणा ठेवायला सांगून नर्सनं बॉलपेनचं टोक कातडीवर टेकवलं आणि टोचलेल्या जागी आलेल्या फुगवट्याच्या दिशेनं हळूहळू सरकवत नेलं. पेन जिथं अडलं तिथं रेघ थांबवली. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. लाली मोजायची नसते, कातडीखालची घट्ट गाठ तेवढी मोजायची, हे ती मोजता मोजताच मला शिकवत होती, कारण मी नर्सिंगला चाललेय हे तिला ठाऊक होतं. दोन रेघांमध्ये तिनं छोटी पट्टी धरली. बारा मिलिमीटर. दहा किंवा त्याहून जास्त म्हणजे टीबीची चाचणी पॉझिटिव्ह.

तिनं पुढं काही म्हणायच्या आत मी बाही वर केली आणि दंडावरचा टीबीच्या लसीचा वण दाखवला. ‘बीसीजी. आमच्याकडे जन्मल्याबरोबर देतात. त्यामुळंच आलंय हे.’ माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, डॉक्टरांशी बोला, आणि फॉर्मवर १२ लिहिलं. घरी येताना बसमध्ये मी बाही पार मनगटापर्यंत ओढून बसले होते. कुणी बघत नव्हतं, तरीही.

माझं इकडं काय चाललंय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या हॅमिल्टनमध्ये मी प्रॅक्टिकल नर्सिंगच्या डिप्लोम्याला प्रवेश घेतलाय. दोन वर्षं, चार सत्रं. त्यानंतर रेक्स-पीएन नावाची परीक्षा, मग ऑन्टारिओच्या नर्सिंग नियामक संस्थेकडे नोंदणी, आणि मग नावापुढं आरपीएन, म्हणजे रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, लावायचा हक्क. तो हक्क मिळेपर्यंत स्वतःला नर्स म्हणवून घ्यायलाही इथल्या कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे पांढरा कोट घातलेल्या कुठल्याही बाईला आपण ‘सिस्टर’ म्हणतो, आणि त्या हाकेला ती ओ देते. मला अजून ती सूट नाही.

काकूनं फोनवर विचारलं होतं, ‘बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली तू, आणि आता परत डिप्लोमा? तोही हा?’ काकू, ऑन्टारिओत २००५ पासून हा डिप्लोमा केल्याशिवाय आरपीएन होताच येत नाही. आणि माझी बी.एस्सी. इथं आठ वर्षं गोदामात खोक्यांवर लेबलं लावत होती. अडतिसाव्या वर्षी मी शिकायला बसलेय ते हौस म्हणून नाही बसलेले. मला असं काम हवंय की जे करताना माझं डोकं आणि हात दोन्ही लागतील, आणि संध्याकाळी कुणीतरी म्हणेल, उद्या तूच ये.

शैक्षणिक अटींचं मला काही जड गेलं नाही. बारावीचं इंग्रजी, गणित, जीवशास्त्र, रसायनशास्त्र. माझी २००५ची गुणपत्रिका मूल्यमापनाला पाठवली, १ फेब्रुवारीच्या आत अर्ज भरला, आणि रसायनशास्त्राच्या जोरावर मान ताठ ठेवून वाट पाहिली. पत्र आलं तेव्हा घरात पुरणपोळी केली होती.

खरी परीक्षा त्या पत्राबरोबर आलेल्या दुसऱ्या यादीत होती. रुग्णांपर्यंत पोचायच्या आधी जे जे सिद्ध करायचं, त्याची यादी. पोलिसांचा दाखला, तोही साधा नाही. म्हातारी, मुलं, आजारी माणसं अशांच्या जवळ काम करणाऱ्यांसाठी तो वेगळा असतो. माझी जन्मतारीख जुन्या नोंदीतल्या कुणाशी तरी जुळली म्हणून दहाही बोटांचे ठसे द्यावे लागले. मग प्रथमोपचार, सीपीआर. रबरी पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब किमान ५ सेंटिमीटर खोल, दोन मिनिटांत खांदे भरून येतात. मग एन-९५ मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची चाचणी. डोक्यावर टोपडं घालून आत कडू फवारा मारतात, आणि जिभेला कडू लागलं तर मास्क नापास. हे सगळं मी विनातक्रार केलं.

लसींच्या रकान्याशी आले आणि माझा संयम सुटला. कांजिण्या येऊन गेल्या, असं मी लिहिलं होतं. मला चांगलं आठवतंय, मिरजेच्या घरात माजघराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा अडकवलेला, आणि बऱ्या झाल्यावर आईनं पाल्याच्या पाण्यानं घातलेली अंघोळ. कॉलेजला ते चालेना. रक्त तपासा आणि प्रतिकारशक्तीचा आकडा आणा. गोवर, गालगुंड, रुबेला, सगळ्यांचे आकडे. हिपॅटायटिस-बीची लस लहानपणी झालीच नव्हती, तर तिचे तीन डोस सुरू करा, तिसरा सहा महिन्यांनी. आईनं माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली आणि माझं पिवळं कार्ड शोधून त्याचा फोटो पाठवला. कोपऱ्यावर हळदीचा डाग, बीसीजीसमोर माझ्या जन्मानंतर तिसऱ्या दिवसाची तारीख, आणि एक सही. ती सही करणारे डॉक्टर जाऊन बारा वर्षं झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं शिडी धरून हुडकलेला तो कागद कॉलेजच्या आरोग्य विभागानं ‘वाचता येत नाही’ म्हणून परत केला.

त्या रात्री मी नवऱ्याजवळ खूप बोलले. यांना आमच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास नाही म्हटलं. आपल्याकडे कॉलेजच्या प्रवेशाला फिटनेस सर्टिफिकेट लागलं होतं, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी माझी नाडीही न बघता सही केली होती. ‘तुला काय धाड भरलीये’ म्हणाले होते. तो मला तेव्हा आपलेपणा वाटला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. इथल्या प्रत्येक रकान्यात मला संशय दिसत होता. आणि त्याच आठवड्यात ते बारा मिलिमीटर आले.

डॉक्टरांकडे मी भांडायच्या तयारीनं गेले. वण दाखवला, पिवळ्या कार्डाचा फोटो दाखवला. त्यांनी तो फोटो मोठा करून नीट वाचला. इथं पहिल्यांदाच कुणीतरी तो वाचला. मग म्हणाले, तिसऱ्या दिवशी टोचलंय, म्हणजे तर बीसीजीचा संबंध आणखीच कमी. तान्ह्या वयात दिलेल्या लसीचा परिणाम या चाचणीवर सहसा दहा वर्षांपलीकडे उरत नाही, मोठ्या वयात दिली असती तर गोष्ट वेगळी. म्हणजे मी जो पुरावा ढाल म्हणून घेऊन गेले होते, तोच माझ्या विरुद्ध उभा राहिला.

मग रक्ताची चाचणी झाली, इग्रा नावाची. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ. याला सुप्त क्षय म्हणतात. जंतू शरीरात झोपलेले, आजार नाही, दुसऱ्या कुणाला लागण होत नाही, पण शंभरातल्या पाच ते दहा जणांमध्ये आयुष्यात कधीतरी ते जागे होतात. प्रवेश जाणार नव्हता, प्लेसमेंटही, म्हणजे रुग्णांजवळचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षणही, थांबणार नव्हती. फक्त ऑन्टारिओत हे सार्वजनिक आरोग्य खात्याला कळवावं लागतं, म्हणून तिथून फोन आला. फोनवरची बाई अतिशय मायेनं बोलत होती. तिनं विचारलं, लहानपणी घरात कुणाला टीबी होता का?

मी म्हटलं, नाही. चटकन म्हटलं, थोडं रागानंच. आमचं घर तसं नव्हतं, हे मला तिला कळवायचं होतं.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. हे मी दुसऱ्या कुणाविषयी सहज बोलले असते. स्वतःच्या घराविषयी विचारलं तर जीभ तयारच होती.

रात्री आईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण चार महिने औषध घ्यायचं होतं आणि माझ्या आवाजावरून तिला सगळं कळतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘थांब हं.’ मला दार लावल्याचा आवाज आला. घरात ती एकटी होती, तिकडं सकाळ होती, इतक्या लवकर मोलकरीणही नसते, तरी तिनं माजघराचं दार लावलं.

‘वन्संना होता,’ ती म्हणाली.

वन्सं म्हणजे माझी सुमनआत्या. मी चार वर्षांची असताना गेली. मला आठवतो तो तिचा उंबऱ्याशेजारी वेगळा ठेवलेला पितळी पेला. मला आयुष्यभर सांगितलं गेलं की आत्या न्यूमोनियानं गेली. आई म्हणाली, वानलेसवाडीच्या दवाखान्यात दोनदा ठेवलं होतं, बरं वाटायला लागलं की औषध सोडायच्या, आणि घरी आल्या की तुला मांडीवर घेऊन बसायच्या, तुला दुसऱ्या कुणाकडे झोपच यायची नाही. ‘तुझ्या बाबांनी शपथ घातली होती. तुमची लग्नं व्हायची होती ना.’

मिरज-सांगलीच्या लोकांना वानलेसवाडी सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, मिरजेचं मिशन हॉस्पिटल ज्यांनी १८९४ मध्ये उभं केलं आणि ज्यांच्या नावावरून क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाच्या वस्तीला वानलेसवाडी म्हणतात, ते डॉक्टर विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे, याच ऑन्टारिओ प्रांतातले. लहानपणी त्यांचं नाव रोज बसच्या पाटीवर वाचलं. वर्गात ओळख करून देताना मी हे अभिमानानं सांगितलं होतं की माझ्या गावाला तुमच्या प्रांतानं डॉक्टर दिला, आणि त्यांच्या दवाखान्यामुळं माझ्या गावात कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे पेशंट येतात. आत्या तिथंच होती, हे सांगताना मला ठाऊक नव्हतं.

आमच्या हॅमिल्टनमध्येही डोंगरावर १९०६ साली सुरू झालेलं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. औषधं यायच्या आधी रुग्णांना उघड्या व्हरांड्यात खाटांवर झोपवत, हिवाळ्यातसुद्धा. पुढं उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातून इन्युइट माणसांना इथं आणलं, घरापासून हजारो किलोमीटर दूर. ते खाटेवर बसून दगडात अस्वलं आणि सील कोरत. म्हणजे हा आजार इथलाही होता. इथंही माणसं त्याच्याविषयी हळू आवाजात बोलत असणार. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते मला पुरतं सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या त्या बाईला फोन करून मी ‘नाही’चं ‘हो’ केलं. कोण, किती वर्षं, एका खोलीत झोपत होतात का, सगळं तिनं विचारलं. मग म्हणाली, तुमच्या आईला हे सांगणं सोपं गेलं नसेल.

आता रोज सकाळी उपाशीपोटी दोन कॅप्सूल, ३०० मिलिग्रॅमच्या. आपल्याकडे रिफॅम्पिसिन म्हणतात, इथं रिफॅम्पिन. औषध फुकट, खात्याकडून. लघवी नारिंगी होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स बंद आणि चष्मा सुरू. अधूनमधून यकृताची तपासणी. चार महिने, एकही दिवस न चुकवता. आत्यानं जे दोनदा सोडलं ते.

वर्ग सुरू झालेत. औषधांच्या हिशेबाच्या पहिल्या चाचणीत माझं एक गणित चुकलं, आणि तेही मला येत असून. उत्तर १ मिलिग्रॅम होतं. मी १.० लिहिलं, कारण केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं तसंच लिहायला शिकवलं, दशांशानंतरचं शून्य म्हणजे मोजमापाची अचूकता. बाईंनी त्या शून्यावर लाल गोल केला. घाईत टिंब दिसलं नाही तर कुणीतरी दहा देईल. उलट अर्धा मिलिग्रॅम लिहिताना टिंबाआधी शून्य हवंच, ०.५, नाहीतर तो पाच वाचला जातो. मी वाद घातला नाही. माझ्या वहीत ते पान मी दुमडून ठेवलंय.

हात कधी धुवायचे याचे चार क्षण पाठ केलेत: रुग्णाला किंवा त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातून आलेल्या कशाचाही स्पर्श झाला की नंतर, आणि तिथून निघताना. मिरजेतल्या सिस्टरना मी चाळीस-चाळीस पेशंट एकट्यानं सांभाळताना पाहिलंय, आणि बाबांची शीर अंधाऱ्या वॉर्डात एका टोच्यात सापडवताना. ती नजर इथं अजून मला कुणात दिसली नाही. पण त्या वॉर्डात साबण नव्हता, हेही मी पाहिलंय.

पुढच्या आठवड्यापासून वृद्धाश्रमात प्लेसमेंट. तिथल्या कुणाही माणसाबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचं किंवा लिहायचं नाही, असा नियम आहे, तेव्हा त्याबद्दल इथं काही येणार नाही.

आई आता रोज आमच्या सकाळी फोन करते, तिकडं संध्याकाळ झालेली असते. ‘घेतलीस का?’ एवढंच विचारते. काल तिच्याकडे काकू आली होती. फोन सुरू असतानाच काकूनं विचारलं, कसली गोळी? मला आईचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतका मोठा. ‘टीबीची. वन्संना होता ना, तोच.’